स्टिकर नको, तास मोजा

(वसमत येथे बारावीनंतरचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी झालेल्या मार्गदर्शन बैठकीतील भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय 'लॅपटॉप कोणता घ्यावा' असा आहे. तो फार मोठा आहे. त्यातला एकच भाग मी घेणार आहे, आणि तो म्हणजे प्रोसेसर. त्यातही कमी वीज खाणारा प्रोसेसर. असा प्रोसेसर आपल्या रोजच्या कामाला पुरतो का, तो कसा तपासायचा आणि कुठे तो पुरत नाही, एवढंच आज बोलू.

मी याच जिल्ह्यातला आहे. अभियांत्रिकीची पदवी घेतली, सॉफ्टवेअरचं काम करतो आणि वर्षातले बरेच महिने कळमनुरीच्या घरूनच काम करतो. दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले की ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक एकच असतो : "भाई, आय-फाइव लेना की आय-सेवन?" विचारणारे कोणी हळदीची पट्टी घेऊन आलेले असतात, कोणी गॅरेज चालवणारे, कोणी शिलाईचं काम करणारे. घरात वर्षभरात होणारी ही कदाचित सगळ्यात मोठी एकरकमी खरेदी असते. आणि ती ठरते कशावर? कीबोर्डशेजारी चिकटवलेल्या एका चौकोनी स्टिकरवर. म्हणून स्टिकरपासूनच सुरुवात करतो.

'आय७' हा शब्द प्रोसेसरचा वेग सांगत नाही. तो फक्त त्या कंपनीच्या त्या वर्षीच्या मालातली पायरी सांगतो. २०१५ साली इंटेलचा कोअर आय७-६६००यू आला. कंपन्यांच्या कार्यालयांतून बाहेर पडलेले असे लॅपटॉप आजही सेकंडहँड बाजारात मिळतात. त्यात कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे गडी, फक्त दोन आहेत आणि त्याची ठरवलेली वीज आहे १५ वॅट. २०२३ च्या सुरुवातीला त्याच इंटेलने एन१०० नावाचा प्रोसेसर आणला. त्याच्यावर 'आय' काही नाही, नुसतं 'इंटेल प्रोसेसर' लिहिलेलं असतं. पण त्यात चार कोअर आहेत आणि ठरवलेली वीज आहे ६ वॅट. चारही कोअरना काम दिलं की हा सहा वॅटवाला त्या जुन्या आय७ च्या पुढे जातो. दुकानात मात्र दोन्ही शेजारी ठेवले तर गिऱ्हाइकाचा हात आय७ कडे जातो.

दुसऱ्या कंपनीतही हाच घोळ आहे. एएमडीचा रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ५६२५यू घ्या. आकडा मोठा म्हणून ७५२० नवा आणि चांगला वाटतो. पण एएमडीच्या त्या नामकरणात तिसरा आकडा आतली रचना किती नवी ते सांगतो. ७५२० मधला '२' म्हणजे झेन २, जुनी रचना, चार कोअर. ५६२५यू मात्र झेन ३ चा आहे आणि त्याला सहा कोअर आहेत. म्हणजे नाव नवं आणि आतला माल जुना. यात बेकायदा काही नाही, सगळं कंपनीने जाहीर केलेलं आहे. पण ते वाचण्याची जबाबदारी आपल्यावर टाकलेली आहे. म्हणून पहिली सवय अशी लावा की दुकानदाराला 'आय-फाइव आहे का' असं विचारायचं नाही. 'प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून द्या' असं सांगायचं.

त्या नंबराच्या शेवटी बहुधा एक अक्षर असतं. इंटेलमध्ये 'यू' म्हणजे साधारण १५ वॅटचा, रोजच्या कामाचा. 'एच' म्हणजे ४५ वॅटचा, गेमिंग आणि जड कामाचा. 'एन' नंबराच्या आधी आला तर तो एन१०० च्या घराण्यातला, सगळ्यात कमी विजेचा. हे वॅट म्हणजे खर्चाची वरची मर्यादा नव्हे, हेही लक्षात ठेवा. कोअर आय५-१२३५यू हा १५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण थोडा वेळ जोर लावायचा असेल तर तो ५५ वॅटपर्यंत जाऊ शकतो, असं इंटेलच्याच तपशिलात लिहिलेलं आहे.

आता वीज आणि वेग यांचं नातं पाहू. प्रोसेसर जितक्या वेगाने चालवायचा तितका त्याला विजेचा दाब, व्होल्टेज, जास्त द्यावा लागतो. आणि खर्च दाबाच्या वर्गाने वाढतो. समजा वेग वीस टक्के वाढवला आणि त्यासाठी दाबही वीस टक्के वाढवावा लागला. मग खर्च १.२ गुणिले १.२ गुणिले १.२, म्हणजे १.७३ पट झाला. वेग वीस टक्के जास्त, वीज त्र्याहत्तर टक्के जास्त. शेवटचा थोडासा वेग नेहमी असा महाग पडतो. कमी विजेचा प्रोसेसर करतो काय? तो हा शेवटचा महाग तुकडा सोडून देतो. कोथिंबिरीची जुडी आणायला आपण ट्रॅक्टर काढत नाही, तसंच हे आहे.

कमी विजेच्या प्रोसेसरचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजला एकॉर्न नावाची एक छोटी कंपनी होती. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांनी तिथे एक प्रोसेसर रचला. त्याला स्वस्त प्लास्टिकच्या आवरणात बसवायचं होतं, म्हणून तो तापून चालणार नव्हता. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिला नमुना हातात आला आणि चालूही झाला. तो किती वीज घेतो हे पाहायला मीटर जोडला, तर मीटर शून्य दाखवत होता. नंतर लक्षात आलं की वीजपुरवठ्याची तार जोडलेलीच नव्हती. आजूबाजूच्या तारांमधून जी किरकोळ वीज झिरपत होती तेवढ्यावर तो चालत होता. त्या प्रोसेसरचं नाव एआरएम, म्हणजे आर्म. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आज त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने त्याच घराण्यातला एम१ लॅपटॉपमध्ये घातला. ज्या मॅकबुक एअरमध्ये तो होता त्याला पंखाच नाही. २०२४ च्या जूनमध्ये क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप आले, तेही आर्मच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंटेलने आपली कोअर अल्ट्रा २००व्ही मालिका आणली. कमी विजेत जास्त काम, हाच त्या मालिकेचा मुख्य दावा होता. थोडक्यात, कमी वीज म्हणजे गरिबाचा माल, ही समजूत आता टिकत नाही. बाजारातली महागातली यंत्रंसुद्धा याच दिशेने चालली आहेत.

मग हिंगोली जिल्ह्यात आपल्याला याचं काय? काही जण म्हणतील, लाईट बिल वाचेल. तो हिशेब करूनच टाकू. एक लॅपटॉप सरासरी ४५ वॅट घेतो आणि दुसरा १२ वॅट, रोज सहा तास वापर. महिन्याला पहिल्याचे आठ युनिट, दुसऱ्याचे सव्वादोन युनिट. फरक सहा युनिटांच्या आत. वरचा पंखा ७५ वॅटचा असेल तर तो दिवसभर चालून दोन-चार दिवसांत तेवढे युनिट खातो. म्हणजे बिलासाठी कमी विजेचा लॅपटॉप घेण्यात फारसा अर्थ नाही. जाहिरातीत कोणी तसं सांगत असेल तर त्याला हा हिशेब दाखवा.

खरा फायदा दुसरीकडे आहे. आपल्याकडे वळवाचा पाऊस आला की लाईट जाते. डीपी जळाला तर तो बदलून येईपर्यंत रात्री काढाव्या लागतात. आखाड्यावर, शेतात राहणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आणि परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख डीपीसाठी थांबत नाही. अशा वेळी लॅपटॉप किती वेगवान आहे यापेक्षा तो किती तास जिवंत आहे हे महत्त्वाचं ठरतं.

हे तास मोजणं सोपं आहे. बॅटरी म्हणजे पाण्याचा माठ समजा. माठात किती पाणी मावतं ते वॅट-तासात सांगतात. लॅपटॉप चालतो तेव्हा तोटीतून जी धार पडते ती वॅट. माठाला धारेने भागलं की तास मिळतात. बॅटरीवर वॅट-तास लिहिलेले असतात. नसतील तर व्होल्ट गुणिले एमएएच भागिले हजार. उदाहरणार्थ ११.४ व्होल्ट आणि ३६५० एमएएच म्हणजे साधारण ४१.६ वॅट-तास.

एन१०० चा असाच एक लॅपटॉप मी घरी काही महिने वापरला आणि बॅटरीवर चालताना पूर्ण यंत्राचा खर्च वहीत टिपत गेलो. हे माझ्या घरातले आकडे आहेत, प्रयोगशाळेतले नव्हेत. तुमच्या यंत्रावर थोडे वेगळे येतील. पडद्याचा उजेड निम्मा ठेवून मराठी टंकलेखन आणि वेबपाने वाचणं : सहा ते सात वॅट. यूट्यूबवरचं व्याख्यान : आठच्या आसपास. कॅमेरा सुरू ठेवून व्हिडिओ क्लास : अकरा-बारा वॅट. आता भागाकार करा. लिहिण्या-वाचण्याला सहा तास, व्याख्यानांना पाच तास, क्लासला साडेतीन तास. गेमिंगचा, एच अक्षराचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप साध्या टंकलेखनालाही पंधरा-वीस वॅट घेताना मी पाहिला आहे. त्याची बॅटरी मोठी असली तरी अडीच-तीन तासांत माठ कोरडा.

त्या सहा-सात वॅटमध्ये प्रोसेसरचा वाटा फार थोडा असतो. सगळ्यात मोठा वाटा पडद्याचा. लिहिताना-वाचताना प्रोसेसर बहुतांश वेळ डुलक्या घेत असतो. तुम्ही कळ दाबली की जागा होतो, अक्षर उमटवतो आणि परत झोपतो. म्हणून एका मर्यादेनंतर आणखी कमी विजेचा प्रोसेसर शोधून तास वाढत नाहीत. पडद्याचा उजेड कमी केल्याने वाढतात. ते फुकट आहे आणि कुठल्याही लॅपटॉपवर आजच करता येतं.

उन्हाळ्याचंही बोललं पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. खोलीच तापलेली असेल तर जास्त वॅटचा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. म्हणजे ज्या वेगासाठी पैसे मोजले तो वेग उन्हाळ्याच्या दुपारी मिळतच नाही. पंखा धूळ ओढतो, जाळी भरते, मग आणखी तापतं. उष्णतेने बॅटरीही लवकर म्हातारी होते. सहा वॅटच्या प्रोसेसरला ही डोकेदुखी कमी, आणि काही यंत्रांत तर पंखा नसतोच. लाईट नसताना लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालवला तर बॅटरीची वीज आधी २३० व्होल्ट होते आणि चार्जर ती पुन्हा वीसेक व्होल्टवर आणतो. दोन्ही वेळा गळती होते. त्याऐवजी टाइप-सी चार्जिंगचा लॅपटॉप आणि ४५ किंवा ६५ वॅट पीडी देणारी पॉवर बँक असेल, तर २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास. त्यातले काही गळतीत जातील, तरी लॅपटॉपला आणखी एक चार्ज मिळतो. मोबाइलच्या साध्या पॉवर बँकेने मात्र हे होणार नाही. तिच्यावर पीडी आणि वॅट लिहिलेले पाहूनच घ्या.

आता हा प्रोसेसर कोणाला पुरतो? एमएस-सीआयटी, जीसीसी-टीबीसीचं टायपिंग, बीए, बीकॉम, डीएड, नर्सिंग, स्पर्धा परीक्षेची तयारी, ऑनलाइन क्लास, फॉर्म भरणं, टॅली, साधं एक्सेल, सुरुवातीचं पायथन या सगळ्याला एन१०० किंवा त्याच्या बरोबरीचा प्रोसेसर पुरतो. एक अट आहे : रॅम ८ जीबी आणि खरी एसएसडी. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी असलेले स्वस्त लॅपटॉप मिळतात. त्यातली रॅम बहुधा बोर्डावरच जडवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ते घेऊ नका. अशा यंत्रांची रडगाणी ऐकून लोक 'कमी विजेचा प्रोसेसर वाईट' म्हणतात. बऱ्याचदा दोष त्या तुटपुंज्या रॅमचा असतो.

कोणाला पुरत नाही तेही स्पष्ट सांगतो. आर्किटेक्चर, सिव्हिलचं मोठं ऑटोकॅड किंवा रेव्हिट, व्हिडिओ एडिटिंग, अँड्रॉइड स्टुडिओ, मोठे सॉफ्टवेअर प्रकल्प. माझं ऑफिसचं काम मी एन१०० वर करत नाही, कारण तिथे मिनिटाच्या कामाला कित्येक मिनिटं थांबावं लागतं. अभियांत्रिकीला जाणाऱ्यांनी 'यू' अक्षराचा, सहा किंवा जास्त कोअरचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम पाहावी. पण सगळ्याच जड कामासाठी लॅपटॉप जड हवा असंही नाही. आपल्या जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. अशा प्रयोगांतला प्रचंड विदा मोठ्या संगणक-समूहांवर तपासला जातो. शास्त्रज्ञाच्या मांडीवरचा लॅपटॉप म्हणजे त्या समूहाकडे उघडणारी खिडकी असते.

ज्यांना आपले सरकार सेवा केंद्र किंवा तत्सम काम करायचं आहे त्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. बोटांचे ठसे घेणारं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, जुना प्रिंटर यांना ड्रायव्हर लागतो. आर्मवरचं विंडोज नेहमीच्या इंटेलसाठी बनलेले बरेच प्रोग्राम भाषांतर करून चालवतं, पण ड्रायव्हरचं असं भाषांतर होत नाही. तो आर्मसाठी वेगळा बनलेलाच असावा लागतो. बॅटरी बारा तास चालली आणि ठशाचं मशीनच चाललं नाही, तर गिऱ्हाईक परत जाईल. म्हणून या कामाला सध्या इंटेल किंवा एएमडीच बरा.

सेकंडहँडबद्दल दोन शब्द. चांगला सेकंडहँड लॅपटॉप घेण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त विंडोज १० ला मिळणारा कंपनीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आय५-८२५०यू हा त्या पिढीतला, चार कोअरचा, १५ वॅटचा. कामाला तो एन१०० च्या पातळीचा, थोडा पुढेच. पण अशा यंत्राची बॅटरी थकलेली असते. दुकानातच कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग जागा सोडून '/बॅटरीरिपोर्ट' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाका. जो अहवाल तयार होतो त्यात दोन ओळी पाहा : बॅटरी नवी असताना किती मावत होतं आणि आता किती मावतं. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याजवळ असेल तर नव्या बॅटरीची किंमत धरूनच भाव करा.

आणि नवा असो की जुना, पैसे देण्याआधी एक चाचणी घ्याच. चार्जर काढून ठेवा. तुमची रोजची कामं उघडा : ब्राउझरची दहा पानं, एक मराठी किंवा उर्दू दस्तऐवज, एक व्हिडिओ. अर्धा तास चालवा. टक्के किती उतरले ते पाहा. अर्ध्या तासात दहा टक्के उतरले तर पाच तास मिळतील. वीस उतरले तर अडीच. दुकानदार अर्धा तास द्यायला तयार नसेल, तर दुसरं दुकान आहे. तुम्ही वर्षभराची बचत देत आहात, तो अर्धा तास तुमचा हक्क आहे.

पालकांसाठी आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या बहुतेक घरांत लॅपटॉप एकच येतो. तो आणला जातो मुलाच्या नावाने. दिवसभर तो त्याच्याकडे असतो. बहिणीची पाळी येते ती स्वयंपाक-भांडी आटोपल्यावर, रात्री दहाला. तेव्हा बॅटरी पंधरा टक्क्यांवर असते आणि नेमकी लाईट गेलेली असते. मग मुलगी मोबाइलच्या पडद्यावर पीडीएफ ताणून वाचते. पुढे आपणच म्हणतो, हिला कॉम्प्युटरमध्ये गती नाही. तिला गती नाही असं नसतं, तिच्या वाट्याला वॅट-तासच आलेले नसतात.

म्हणून दुकानात जाताना मुलीलाही सोबत न्या. तिला कोणतं काम करायचं आहे ते विचारा. गेमिंगचा तीन तासांचा लॅपटॉप आणि साधा सहा तासांचा लॅपटॉप समोर असतील, तर उरलेले तीन तास कोणाचे आहेत याचा विचार करा. प्रोसेसर किती वीज खातो हा तांत्रिक प्रश्न आहे, त्याचं उत्तर मी दिलं. वाचलेली वीज घरात कोणाला मिळते हे तुम्हाला ठरवायचं आहे. माझी एक सूचना आहे. लॅपटॉप आणला की पहिल्याच दिवशी भिंतीवर पाळ्या लिहा, आणि ज्याची पाळी संपेल त्याने तो चार्ज करूनच दुसऱ्याच्या हातात द्यायचा असा नियम करा.

तुमच्याकडे कोणी कोटेशन आणली असतील तर पुढे या. आपण प्रत्येकावरचा प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि बॅटरीचे वॅट-तास एकत्र वाचू आणि तासांचा भागाकार इथेच करू.